ऑब्जेक्टचा जन्म स्वस्त, जगणं महाग

सी किंवा जावा कोळून प्यालेला प्रोग्रॅमर फंक्शनल भाषेतला कोड पहिल्यांदा वाचतो, तेव्हा त्याच्या मनात एक शंका हमखास येते. इथे तर पावलापावलाला काहीतरी नवीन तयार होतंय. रेकॉर्डमधलं एकच मूल्य बदलायचं, तरी नवा रेकॉर्ड. यादीवर एक फंक्शन चालवलं, की नवी यादी. फंक्शनने फंक्शन परत दिलं, की तेही मेमरीत कुठेतरी नव्याने जन्मणार. एवढी उधळपट्टी करून हा प्रोग्रॅम पळणार कधी?

ही शंका हवेतून आलेली नाही. जॉन मॅकार्थी यांनी 1960 साली लिस्पवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला आणि कचरा आपोआप गोळा करण्याची कल्पना जगापुढे ठेवली, तेव्हा आयबीएम 704 सारख्या यंत्राची मेमरी आजच्या साध्या फोटोलाही पुरली नसती. मेमरी भरली की सगळं काम थांबवायचं, वापरात असलेल्या जागांवर खुणा करायच्या आणि उरलेल्या मोकळ्या करायच्या. पुढची वीस-पंचवीस वर्षं लिस्प वापरणाऱ्यांनी हे थांबे सोसले आणि ‘फंक्शनल म्हणजे संथ’ हे मत तिथे पक्कं झालं. पण 1984 मध्ये बर्कलीत डेव्हिड उंगर यांनी स्मॉलटॉकसाठी पिढ्यांवर आधारलेला, म्हणजे नव्या वस्तू जुन्यांपासून वेगळ्या ठेवणारा कचरा-कलेक्टर मांडला, 1987 मध्ये अँड्र्यू अ‍ॅपेल यांनी पुरेशी मेमरी असेल तर हीपवरची जागा स्टॅकपेक्षाही स्वस्त पडू शकते असा युक्तिवाद केला, आणि चित्र पालटलं. समज मात्र जिथे होता तिथेच राहिला.

या लेखात मी उदाहरणासाठी ओकॅमल ही भाषा घेतली आहे. ती मुळात फंक्शनल, पण 1996 पासून तिच्यात खरेखुरे क्लास आणि ऑब्जेक्ट आहेत. दिदिए रेमी आणि जेरोम वुइयों यांनी फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत त्यांची रचना केली. शिवाय तिचा कंपायलर जे मशीन कोड तयार करतो ते माणसाला सहज वाचता येतं, त्यामुळे ऐकीव गोष्टींवर विसंबायची गरज उरत नाही.

गैरसमज: नवा ऑब्जेक्ट म्हणजे मेमरीत जागा शोधणं, आणि ही शोधाशोध महागात पडते

हा समज थेट सीच्या मॅलॉकवरून आलेला आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंगला डेटा स्ट्रक्चर्स शिकताना मॅलॉक आणि फ्री ही जोडी अशी काही अंगात मुरते, की ‘नवीन’ म्हटलं की मॅलॉकच डोळ्यांपुढे येतं. मॅलॉकला मोकळ्या तुकड्यांची नोंद ठेवावी लागते, हव्या त्या मापाचा तुकडा निवडावा लागतो, आणि तो परत आला की पुन्हा नोंद करावी लागते. आधुनिक मॅलॉक यातही खूप चलाख झाले आहेत, पण प्रत्येक तुकड्याचा हिशेब ठेवणं त्यांना चुकत नाही.

वस्तुस्थिती अशी, की ओकॅमलमध्ये लहान वस्तूसाठी जागा शोधलीच जात नाही. प्रोग्रॅम सुरू होताना एक सलग पट्टा घेतला जातो. त्याला मायनर हीप म्हणतात. त्याचं नेहमीचं माप 256 के शब्द, म्हणजे 64 बिटच्या यंत्रावर 2 एमबी. कुठपर्यंत जागा वापरली गेली आहे ते सांगणारा एक पॉइंटर प्रोसेसरच्या रजिस्टरमध्येच ठेवलेला असतो. नवी वस्तू हवी, की तो पॉइंटर सरकवायचा. झालं.

नेमकं काय होतं ते जवळून पाहू. समजा दोन किमतींची एक जोडी तयार करायची आहे. इंटेल-एएमडी प्रोसेसरवर कंपायलर आर15 या रजिस्टरमधून 24 वजा करतो, कारण ओकॅमलचा पट्टा वरून खाली भरत जातो. मग हा नवा पत्ता पट्ट्याच्या हद्दीच्या आत आहे ना, एवढी एक तुलना. आत असेल तर पहिल्या 8 बाइटमध्ये 2048 हा आकडा लिहायचा, पुढच्या 8 मध्ये पहिली किंमत, त्यापुढच्या 8 मध्ये दुसरी. जोडी तयार. 2048 हा आकडा म्हणजे त्या वस्तूचं ओळखपत्र. या हेडरमधले खालचे 8 बिट वस्तूचा प्रकार सांगतात, पुढचे 2 बिट कलेक्टरने खुणेसाठी राखलेले असतात आणि त्यावरच्या बिटांत वस्तूचं माप असतं. माप 2, म्हणून 2 गुणिले 1024.

एक वजाबाकी, एक तुलना, सहसा न घेतली जाणारी एक उडी आणि तीनदा लिहिणं. यात कुठेही फंक्शनला हाक नाही, कुलूप नाही, यादी चाळणं नाही. एकाच सरळ रेषेतल्या कोडमध्ये पाठोपाठ तीन वस्तू तयार होणार असतील, तर कंपायलर तिन्हींची मापं आधीच बेरजेत घेतो आणि वजाबाकी व तुलना एकदाच करतो. हे सगळं लहान वस्तूंना लागू आहे हे लक्षात ठेवायला हवं. 256 शब्दांहून मोठी वस्तू असेल, तर ती थेट मेजर हीप नावाच्या वेगळ्या, मोठ्या जागेत जाते आणि तिथे खरोखरच जागा शोधावी लागते.

हास्केलच्या जीएचसी कंपायलरमध्येही हीच पद्धत आहे. तिथल्या पट्ट्याचं नेहमीचं माप पूर्वी 1 एमबी होतं, 9.2 या आवृत्तीपासून ते 4 एमबी झालं.

गैरसमज: तयार करणं स्वस्त असेलही, पण नंतर तो कचरा उचलावा लागतोच

हा आक्षेप जास्त विचारी आहे. ‘आज उधार, उद्या वसुली’ असं त्याचं म्हणणं. त्याचं उत्तर नीट कळलं, तर या विषयातलं निम्मं कोडं सुटतं.

पट्टा भरला की मायनर कलेक्शन होतं. कलेक्टर कचरा शोधत नाही. तो जिवंत वस्तू शोधतो. स्टॅकवरून, रजिस्टरांमधून, ग्लोबल व्हेरिएबलांमधून कुठकुठपर्यंत पोचता येतं ते बघतो आणि जे हाती लागेल ते मेजर हीपमध्ये नेऊन ठेवतो. मग पॉइंटर पुन्हा पट्ट्याच्या टोकाला नेला की पट्टा रिकामा. भाड्याची खोली सोडताना आपण बरोबर न्यायचं सामान तेवढं बांधतो. मागे उरलेली रद्दी किती होती, यावर आपले कष्ट ठरत नाहीत. मायनर कलेक्शनचं अगदी तसं आहे. मेलेल्या वस्तूला कलेक्टर शिवतसुद्धा नाही, त्यामुळे तिच्यामागे त्याचा वेळ जात नाही.

थोडा हिशेब मांडू. 2 एमबी म्हणजे 20,97,152 बाइट. एका जोडीला 24 बाइट. म्हणजे एका पट्ट्यात 87 हजारांहून अधिक जोड्या मावतात. पट्टा भरेपर्यंत त्यातल्या पाचशेच जिवंत उरल्या असतील, तर कलेक्टरचं काम पाचशे जोड्यांचं. उरलेल्या साडेशहाऐंशी हजारांपायी त्याला काहीही करावं लागत नाही. आणि फंक्शनल कोडमध्ये बहुतेक वस्तू खरोखरच अल्पायुषी असतात. मधल्या टप्प्यावरची यादी, दोन किमती परत द्यायला केलेली जोडी, एखाद्या फंक्शनचं क्लोजर (कोड आणि त्याने पकडून ठेवलेल्या किमती): पुढच्या दोन ओळींत त्यांचं काम संपतं. एर्लांग तर याच्याही पुढे जातं. तिथे प्रत्येक प्रोसेसचा हीप वेगळा, आणि प्रोसेस संपली की तो अख्खा हीप एकदम मोकळा होतो.

पट्टा भरण्याच्या क्षणी जे हयात असतं, त्याचीच काय ती वसुली होते. जी वस्तू मेजर हीपमध्ये गेली, ती कॉपी होते, पुढच्या प्रत्येक मोठ्या फेरीत तिच्यावर खूण करावी लागते, मग कधीतरी ती मोकळी होते. म्हणून प्रोग्रॅमने किती वस्तू तयार केल्या हा माझ्या मते पहिला प्रश्नच नव्हे. त्यातल्या किती टिकल्या आणि त्यांना धरून कोण बसलं होतं, ते आधी विचारायला हवं.

गैरसमज: नवीन बनवण्यापेक्षा जुन्यातच बदल करणं केव्हाही स्वस्त

कोड रिव्ह्यूमध्ये हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं, की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. सीमध्ये ते खरंही आहे. तिथे बदल म्हणजे मेमरीत एकदा लिहिणं.

ओकॅमलमध्ये मात्र रेकॉर्डमधल्या बदलत्या रकान्यात दुसऱ्या वस्तूचा पत्ता लिहायचा असेल, तर साधं लिहिणं पुरत नाही. कॅमल-मॉडिफाय नावाच्या रनटाइम फंक्शनला हाक जाते. कारण असं: मायनर कलेक्शनला मेजर हीप न चाळता काम उरकायचं असतं. मेजर हीपमधल्या एखाद्या म्हाताऱ्या रेकॉर्डमध्ये तुम्ही आत्ता जन्मलेल्या वस्तूचा पत्ता लिहिलात आणि कलेक्टरला ते कळलंच नाही, तर त्याला ती वस्तू मेलेली वाटेल आणि प्रोग्रॅम कोसळेल. म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी तपासावं लागतं: रेकॉर्ड जुना आहे का, नवी किंमत तरुण आहे का? असेल तर त्या जागेची एका तक्त्यात नोंद होते. मेजर कलेक्टर खुणा करण्याच्या मध्यावर असेल, तर पुसल्या जाणाऱ्या जुन्या किमतीचीही दखल घ्यावी लागते. ओकॅमल 5 पासून एकाच वेळी अनेक कोअरवर कोड चालू शकतो, त्यामुळे त्यांच्यातला क्रम सांभाळण्याचं कामही यात आलं आहे.

कोऱ्या वस्तूत पहिल्यांदा किमती भरताना यातलं काहीच लागत नाही, कारण ती सगळ्यांत तरुण आहे हे कंपायलरला ठाऊक असतं. त्यामुळे लहानशा रेकॉर्डची बदललेली प्रत तयार करणं हे त्याच रेकॉर्डमधला पॉइंटर बदलण्यापेक्षा अनेकदा स्वस्त पडतं. ज्यांनी वर्षानुवर्षं उलटं ऐकलंय त्यांना हे पटायला जड जातं, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

याचा अर्थ बदल नेहमीच महाग, असाही नाही. रकान्यात साधा पूर्णांक असेल, तर तो पॉइंटर नाही हे कंपायलरला कळतं आणि थेट लिहिलं जातं. दशांश आकड्यांच्या अ‍ॅरेमध्येही तसंच. लाखो आकड्यांचं मॅट्रिक्स फिरवायचं असेल तर जागच्या जागी बदल करणाराच कोड लिहावा, फंक्शनल भाषेत असलो तरी. भाषेने ती सोय उगाच दिलेली नाही.

मोठ्या संरचनांबद्दलची भीतीही याच जातीची. दहा लाख नोंदींचा मॅप, त्यात एक नोंद बदलली, म्हणजे दहा लाख नोंदींची प्रत? नाही. ओकॅमलच्या स्टँडर्ड लायब्ररीतला मॅप हा समतोल राखणारा वृक्ष आहे. एक नोंद बदलली की मुळापासून त्या नोंदीपर्यंतच्या वाटेवरचे वीस-पंचवीस नोड तेवढे नवे होतात, बाकीचा सगळा वृक्ष जुन्या आणि नव्या मॅपमध्ये सामाईक राहतो. एका नोडला हेडर धरून 48 बाइट लागतात, म्हणजे एकूण खर्च हजार-बाराशे बाइटचा. क्लोजर (Clojure) नावाच्या भाषेतला व्हेक्टर तर प्रत्येक पातळीवर 32 फांद्या ठेवतो, त्यामुळे दहा लाखांसाठी चार पातळ्या पुरतात. हॅशटेबल यापेक्षा वेगवान असतं, ते मान्यच. पण ‘दहा लाखांची प्रत’ ही कल्पना मात्र निखालस चुकीची.

गैरसमज: जितक्या मेथड जास्त, तितका ऑब्जेक्ट जड

आता खऱ्या अर्थाने ऑब्जेक्टकडे येऊ. ओकॅमल वापरणारेही ऑब्जेक्टपासून चार हात दूर राहतात, आणि विचारलं तर बरेचजण सांगतात की ते जड असतात. जड म्हणजे काय, हे मात्र क्वचितच कुणी उलगडून सांगतं.

ऑब्जेक्टच्या पोटात काय असतं? हेडरनंतर पहिल्या रकान्यात मेथडच्या तक्त्याचा पत्ता. दुसऱ्यात त्या ऑब्जेक्टचा स्वतःचा क्रमांक. त्यापुढे इन्स्टन्स व्हेरिएबल. बस. दोन व्हेरिएबल असलेला ऑब्जेक्ट म्हणजे पाच शब्द, 40 बाइट. त्याला दोन मेथड असोत की पन्नास, माप तेच, कारण एका क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टचा मिळून तक्ता एकच असतो आणि ऑब्जेक्ट फक्त त्याच्याकडे बोट दाखवतो.

‘ऑब्जेक्ट नको, फंक्शनांचा रेकॉर्ड करा, तो हलका’ असा सल्ला पुष्कळदा दिला जातो, म्हणून त्याचाही हिशेब करून बघू. त्याच दोन किमती आणि दहा क्रिया. प्रत्येक क्रिया म्हणजे एक आर्ग्युमेंट घेणारं स्वतंत्र क्लोजर. त्यात हेडर, कोडचा पत्ता, एक माहितीचा शब्द आणि पकडून ठेवलेल्या दोन किमती: 40 बाइट. अशी दहा, म्हणजे 400. वर दहा रकान्यांचा रेकॉर्ड, 88. एकूण 488 बाइट, आणि हे प्रत्येक नव्या वस्तूसाठी. ऑब्जेक्टला 40. क्रिया दोन-तीनच असतील तर रेकॉर्ड बरा. क्रियांची संख्या वाढली की मेमरीच्या बाबतीत ऑब्जेक्ट स्पष्टपणे सरस ठरतो.

मग ‘ऑब्जेक्ट संथ’ हा अनुभव येतो कुठून? तो खोटा नाही, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. रेकॉर्ड तयार करताना वर पाहिलेल्या मोजक्या सूचना जागच्या जागी लिहिल्या जातात. ऑब्जेक्ट तयार करताना मात्र काम रनटाइम लायब्ररीतल्या फंक्शनांकडे जातं. जागा घेण्यासाठी सीमध्ये लिहिलेल्या फंक्शनला हाक, तक्त्याचा पत्ता भरताना कॅमल-मॉडिफाय, क्रमांक देण्यासाठी आणखी एक हाक. लायब्ररीच्या सोर्स कोडमध्ये या ओळींशेजारी फ्रेंच आणि इंग्रजीत तशा टिपाही आहेत. लिहिणाऱ्यांना हा खर्च ठाऊक होता. त्यामुळे तेवढ्याच मापाच्या रेकॉर्डपेक्षा ऑब्जेक्टच्या निर्मितीला जास्त वेळ लागतो, यात वाद नाही. पण तो वेळ मेथडांच्या संख्येने वाढत नाही आणि मॅलॉकसारखी शोधाशोधही त्यात नाही.

क्रमांकाची गरज का, असंही कुणी विचारेल. ओकॅमलमध्ये दोन ऑब्जेक्टची तुलना त्यांच्या क्रमांकांवरून होते. आतल्या किमती सारख्या असल्या तरी दोन वेगळे ऑब्जेक्ट बरोबरीच्या चिन्हाने सारखे ठरत नाहीत. रेकॉर्डचं तसं नसतं. म्हणून जिथे निव्वळ किमती महत्त्वाच्या आहेत, उदाहरणार्थ नकाशावरचे बिंदू किंवा पैशांच्या रकमा, तिथे गतीचा विचार बाजूला ठेवला तरी रेकॉर्डच योग्य.

मेथडचा तक्ता बांधणं हे खरं महागाचं काम. नावं क्रमाने लावायची, वारसा असेल तर वरच्या क्लासच्या मेथड आणायच्या, बदललेल्या त्यावर बसवायच्या. पण प्रोग्रॅमच्या वरच्या पातळीवर लिहिलेल्या क्लाससाठी हे काम प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच होतं, नवा ऑब्जेक्ट मागितला की पुन्हा होत नाही. फंक्शनच्या आत क्लासशिवाय लिहिलेला तयार ऑब्जेक्टही दर खेपेला नवा तक्ता बांधत नाही. फंक्शनमधल्या ज्या किमती त्याला लागतात, त्या ऑब्जेक्टच्या रकान्यांत ठेवल्या जातात आणि तक्ता सामाईक राहतो.

आणि निर्मितीच्या नावावर खपणारा बराचसा वेळ प्रत्यक्षात मेथड बोलावण्यात गेलेला असतो. कोडमध्ये ऑब्जेक्टचा नेमका क्लास ठाऊक नसतो, फक्त मेथडचं नाव ठाऊक असतं. त्या नावापासून काढलेल्या आकड्याने तक्त्यात बायनरी सर्च करून मेथड शोधली जाते. हाक मारण्याच्या प्रत्येक जागी मागचा शोध आठवणीत ठेवलेला असतो, म्हणून एकाच क्लासचे ऑब्जेक्ट येत राहिले तर शोध टळतो. क्लासच्या आतून स्वतःचीच मेथड बोलावली तर तिची जागा आधीच ठाऊक असते, तिथे शोध नाही. तरीही मेथडचा कोड जागेवर उतरवून घेणं कंपायलरला जमत नाही, आणि आतल्या लूपमध्ये ते जाणवतं. म्हणून माझा सल्ला असा: आतल्या लूपमध्ये ऑब्जेक्ट टाळायचे असतील तर जरूर टाळा, फक्त दोष निर्मितीला देऊ नका.

गैरसमज: कोडमध्ये जोडी दिसली, म्हणजे मेमरीत जोडी तयार झाली

दोन किमतींची जोडी करून लगेच तिच्यावर पॅटर्न मॅचिंग करणं ही ओकॅमलची रोजची शैली आहे. कंपायलर ती जोडी तयारच करत नाही, दोन्ही किमती वेगवेगळ्या तपासतो. स्थिर किमतींची यादी प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच तयार करून ठेवलेली असते. बाहेरचं काहीही न वापरणारं फंक्शनसुद्धा तसंच. ‘काहीच नाही’ सांगणारी किंमत किंवा रिकामी यादी यांना जागाच लागत नाही, त्या साध्या आकड्यासारख्या साठवल्या जातात. त्यामुळे नुसता कोड वाचून हिशेब करू नये.

गैरसमज: प्रोग्रॅमने 10 जीबी मेमरी घेतली

हास्केलचा प्रोग्रॅम संपल्यावर रनटाइमकडून अहवाल मागितला, तर सुरुवातीलाच हीपवर एकूण किती बाइट घेतले गेले तो आकडा येतो. तो कित्येक जीबी असू शकतो, आणि त्याच क्षणी प्रोग्रॅमने यंत्राची जेमतेम काही एमबी मेमरी वापरलेली असू शकते. पहिला आकडा आयुष्यभराची बेरीज आहे. तोच पट्टा हजारो वेळा भरला आणि रिकामा झाला. अहवालात पुढे एका वेळी जास्तीत जास्त किती मेमरी लागली ते दिलेलं असतं, चिंता करायची तर त्याची.

गैरसमज: म्हणजे वस्तू तयार करणं फुकट

आता उलट बाजूचा समज, आणि फंक्शनल भाषांवर प्रेम करणाऱ्या आम्हा मंडळींत तो सर्रास आढळतो, म्हणून त्याबद्दल हातचं राखून बोलणार नाही.

पट्टा 2 एमबीचा, आणि प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा कॅशे सहसा काही दहा केबींचा. म्हणजे पट्टा भरत जाताना प्रत्येक नवी वस्तू जवळच्या कॅशेतून काहीतरी बाहेर ढकलत असते. ओकॅमलमध्ये दशांश आकडा स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवला जातो: 8 बाइटच्या आकड्याला 8 बाइटचं हेडर. एकाच फंक्शनच्या आतल्या आकडेमोडीत कंपायलर हा खर्च टाळतो, सगळे रकाने दशांश आकड्यांचे असलेला रेकॉर्डही सपाट ठेवतो. पण त्या रेकॉर्डमध्ये एक पूर्णांक मिसळला, की आतला प्रत्येक दशांश आकडा वेगळ्या वस्तूत जातो. एका रकान्यामुळे संरचनेचा सगळा नूर बदलतो.

मेमरीचीही किंमत आहे. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्जर यांनी 2005 मध्ये जावा प्रोग्रॅमांवर हे मोजलं. हाताने मेमरी सांभाळायला जेवढी लागते, तिच्या पाचपट मेमरी दिली तर चांगला पिढीवार कलेक्टर गतीत मागे पडत नाही. तिप्पट दिली तर सरासरी 17 टक्के मागे. दुप्पटच दिली तर सुमारे 70 टक्के. अ‍ॅपेल यांच्या युक्तिवादातली ‘पुरेशी मेमरी असेल तर’ ही अट इथे आकड्यांत दिसते.

अनेक कोअर आले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या ओकॅमल 5 ची समांतर रनटाइम घडवणाऱ्यांत आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन आघाडीवर होते. त्यात प्रत्येक डोमेनला, म्हणजे समांतर चालणाऱ्या प्रत्येक भागाला, स्वतःचा मायनर हीप मिळतो, त्यामुळे जागा घेताना कुणाला कुणाची वाट पाहावी लागत नाही. पण मायनर कलेक्शनच्या वेळी सगळ्या डोमेनना एकत्र थांबावं लागतं. एका डोमेनचा उधळेपणा इथे दुसऱ्यांनाही भोवतो. शेअर बाजारात ओकॅमल वापरणाऱ्या जेन स्ट्रीट या कंपनीने ऑक्सकॅमल ही स्वतःची आवृत्ती खुली केली, तिच्यात वस्तू हीपऐवजी स्टॅकवर ठेवता येतात. निर्मिती खरोखर फुकट असती, तर हा खटाटोप कुणी केला नसता.

गैरसमज: दहा लाख ऑब्जेक्ट बनवून बघितले, म्हणजे मोजमाप झालं

लूपमध्ये ऑब्जेक्ट बनवून सोडून द्यायचा आणि वेळ मोजायचा, ही चाचणी सगळेच करतात. ती फक्त जन्माचा खर्च मोजते. तिच्यात प्रत्येक वस्तू लगेच मरते, म्हणजे कलेक्टरला सर्वांत सोयीची परिस्थिती. खऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याच वस्तू एखाद्या रांगेत, कॅशेमध्ये किंवा हॅशटेबलमध्ये जाऊन बसतात आणि गणित उलटतं.

ओकॅमलमध्ये हे बघायला अवजड साधनं लागत नाहीत. जीसी मॉड्यूलकडे दोन आकडे मागायचे: मायनर हीपमध्ये एकूण किती शब्द घेतले आणि त्यातले किती मेजर हीपमध्ये बढती घेऊन गेले. पहिला प्रचंड आणि दुसरा त्याच्या एक-दोन टक्के असेल, तर ऑब्जेक्ट कमी करण्यात दिवस घालवू नयेत, वेळ दुसरीकडेच जातोय. दुसरा आकडा पहिल्याच्या पाव ते एक-तृतीयांश असेल, तर वस्तू मरायच्या आत पट्टा भरतोय. तेव्हा आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून पट्टा मोठा करून पाहावा, त्यासाठी कोडची एक ओळही बदलावी लागत नाही. मोठ्या पट्ट्याने फरक पडला नाही, तर वस्तू खरोखर दीर्घायुषी आहेत, आणि मग त्यांना कोण धरून ठेवतंय ते शोधायचं.

हा शेवटचा शोध अवघड असतो, कारण कलेक्टरच्या दृष्टीने ‘जिवंत’ म्हणजे जिथवर पोचता येतं ते. पुढे कधीच वापरली न जाणारी, पण एखाद्या व्हेरिएबलला अजून चिकटून असलेली वस्तूही जिवंतच धरली जाते. पवईच्या आयआयटीत अमिताभ सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच फटीवर बरीच वर्षं काम केलं. 2014 मध्ये राहुल असाटी, अमेय करकरे आणि केंब्रिजचे अ‍ॅलन मायक्रॉफ्ट यांच्यासह त्यांनी फंक्शनल भाषेसाठी अशी विश्लेषणपद्धत मांडली, की प्रोग्रॅम चालण्याआधीच कोणता दुवा पुढे लागणार आहे आणि कोणता नाही हे ठरवता यावं, आणि न लागणाऱ्या दुव्यांमागची वस्तू पोचण्याजोगी असली तरी कलेक्टरला ती सोडून देता यावी. रोजच्या वापरातल्या कलेक्टरांत ही सोय अजून नाही. तोवर हॅशटेबलमध्ये टाकलेली नोंद काम झाल्यावर काढून टाकणं, आणि क्लोजरमध्ये अख्खा रेकॉर्ड पकडण्याऐवजी त्यातला लागणारा एक रकाना आधी बाहेर काढून तेवढाच पकडणं, ही कामं प्रोग्रॅमरलाच करावी लागतात.